दोघांपुरती हवा

गल्लीत त्याला सगळे मीटर म्हणत. खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं, पण तोही हाक मारताना मीटरच म्हणे. बॉयलरच्या कारखान्यात वाफेचा दाब दाखवणारी मीटरं तपासायची, जे खोटं बोलेल ते खोलायचं, सुधारलं तर ठीक, नाहीतर भंगारात टाकायचं, हे काम त्याने उभी हयात केलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला मनगटी घड्याळ दिलं. ते थोडं मागे पडतं, हे त्याने आभाराच्या भाषणातच सांगून टाकलं. त्यामुळे समारंभ आटोपशीर झाला.

बायको शिवणकाम करायची. समोरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, गळ्यात सदा टेप. म्हणजे तीही मोजणारीच. पण तिचं मोजणं माणसाच्या कलाने चाले. एखादी गिऱ्हाईक बाई श्वास रोखून, पोट आत घेऊन उभी राहिली की ती मापात दोन बोटं गुपचूप वाढवायची. मग झगा अंगाला नीट बसे आणि बाई म्हणे, बघा, मी बारीक झाले. मीटरला हे पटत नसे. माप म्हणजे माप. त्यावर ती म्हणायची, "तुमच्या बॉयलरला लाज नसते. माझ्या गिऱ्हाइकाला असते."

मोटरसायकल हा त्या घरातला तिसरा जीव. चौथी मुलगी, पण ती शिकून दूरच्या शहरात गेली आणि तिथलीच झाली. मोटरसायकल राहिली. बाजारहाट, कापडाचे गठ्ठे, लोकांची लग्नं, लोकांची मयतं, रविवारी नदीकाठचा रस्ता, सगळं त्या एका सीटवर झालं. एकदा आडरस्त्यावर मागचं चाक बसलं आणि दोघं ऊन डोक्यावर घेऊन गाडी ढकलत आले. ही हकीकत फोनवरून मुलीला कळली. तिने आधी दोघांना वयाची आठवण करून दिली आणि मग एक डबी पाठवली. डबीत दोन टोपणं होती, टायरच्या व्हॉल्व्हवर बसवायची, आणि हँडलला लावायचा एक चिमुकला पडदा. टोपणांतले सेन्सर टायरमधल्या हवेचा दाब मोजणार आणि आकडा पडद्यावर नि फोनवर पाठवणार. हवा ठरलेल्या आकड्याखाली गेली की दोन्हीकडून बोंब ठोकणार.

"आता प्लास्टिकचं टोपण मला हवा शिकवणार," मीटर म्हणाला, आणि त्याने आपलं जुनं पितळी मीटर बाहेर काढलं. बरेच दिवस तो रोज सकाळी दोन्ही आकडे ताडून बघत होता. टोपण चुकेना. मग तो दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याने नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाच्या उत्साहाने गल्लीला टायरच्या दाबावर प्रवचन दिलं. कुणी त्याला वेळ विचारली तरी तो हवेवर यायचा. लोक घड्याळं वापरू लागले.

त्याच्या गाडीच्या चेनकव्हरवर कंपनीने एक स्टिकर चिकटवला होता. मागच्या टायरमध्ये एकट्यासाठी तीस, मागे माणूस असेल तर चाळीस. मागे माणूस कायमच असायचा, म्हणून चाळीस. अ‍ॅपमध्ये त्याने दोन माणसांचं चित्र निवडलं आणि छत्तीसच्या खाली गेली तर ओरड, असं यंत्राला बजावून ठेवलं. अडचण एकच होती. पडद्यावरचे आकडे मुंगीएवढे होते, चष्म्याशिवाय दिसत नव्हते, आणि चष्मा हेल्मेटमध्ये शिरत नव्हता. तेव्हा अ‍ॅप बायकोच्याही फोनमध्ये घातलं आणि आकडे वाचायचं काम तिच्याकडे आलं. गाडी सुटली की ती मागून सांगायची, "मागची चाळीस, पुढची पंचवीस." तो म्हणायचा, "ठीक." चौकात पुन्हा एकदा, पुलावर पुन्हा एकदा. इतर जोडपी प्रवासात काय बोलतात ते बोलोत. यांचं एवढ्यावर भागत असे आणि बरं भागत असे.

एक शंका तिला बरेच दिवस होती. ती मागे बसली तरी आकडा जागचा हलत नसे. एवढी धडधाकट बाई बसते, थोडा तरी वाढायला नको? मीटरने तिला समजावून सांगितलं, की वजनाने टायर जरा दबतं, दाब जवळजवळ तेवढाच राहतो; जास्त हवा भरायची ती टायरने दबून तापू नये म्हणून.

"म्हणजे मी बसले काय नि उतरले काय, तुमच्या यंत्राला पत्ताच नाही?"

"नाही," तो म्हणाला. यंत्राच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे.

मग तिची पाठ दुखायला लागली. मशीनवर वाकून वाकून झालं असेल असं सगळ्यांनी ठरवलं, कारण ते स्वस्तातलं कारण होतं. तेल झालं, शेक झाला, कडक गादी झाली. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की दुखणं पाठीचं नव्हतंच. ते दुसरीकडे सुरू होऊन कण्यात येऊन बसलं होतं, आणि आता उठणार नव्हतं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, नीट बोलल्या. हाडं ठिसूळ झाली आहेत, हिसका बसता कामा नये, मोटरसायकल बंद. मीटरने विचारलं, किती दिवस? डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघू."

बघू हा काही आकडा नव्हे. पण ज्याने जन्मात कुणाचा अंदाज चालवून घेतला नाही, त्या माणसाने तो आकड्यासारखा धरला. त्या दिवसापासून घरात सगळं 'बघू'च्या नंतर होणार होतं. नदीचा रस्ता 'बघू'नंतर. मुलीकडे जाणं 'बघू'नंतर.

दवाखान्याच्या वाऱ्या टॅक्सीने सुरू झाल्या. टॅक्सी शेजारच्या कप्तानची. तो पूर्वी कधीतरी नावेवर होता. नावेवर काय करायचा हे त्याने कधी सांगितलं नाही, पण कप्तान हे नाव टिकलं. गाडी तो खरंच सांभाळून चालवायचा, खड्डा आला की आधी सांगायचा. मीटर टॅक्सीत बसत नसे. बंद गाडीत त्याला मळमळतं, हे कारण. तो मोटरसायकलवरून मागे मागे यायचा.

मागच्या सीटवर उशा लावून ती आडवी बसायची, तोंड मागच्या काचेकडे. आणि पहिल्याच फेरीत तिच्या लक्षात आलं, की आपण या माणसाला गाडी चालवताना कधी पाहिलेलंच नाही. संसारभर त्याची पाठ पाहिली. पाठीवरची प्रत्येक शिवण तिची होती. पण पुढून तो असा दिसतो, ओठ घट्ट मिटलेले, मान किंचित डावीकडे, जणू मागून कुणी काहीतरी सांगणार आहे ते ऐकू यावं म्हणून, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने हात हलवला. त्याने हँडलवरून हात काढायचा नाही या तत्त्वावर फक्त मान हलवली.

दुसरी गोष्ट दिसायला थोडा वेळ लागला. टॅक्सी गतिरोधकावरून हळूच उतरायची. मागोमाग तो यायचा, आणि त्याच्या गाडीचा मागचा भाग करडासारखा उडायचा. प्रत्येक गतिरोधकावर. वळणावर चाक बारीकसं सरकायचं आणि तो पाय टेकता टेकता राहायचा. म्हातारा झाला, असं ती मनाशी म्हणाली. नवऱ्याबद्दल बायको आधी हेच म्हणते.

मग एका सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी, जिथे बांधकामाची बारीक खडी सांडलेली होती, तिथे तो पडला. टॅक्सी तोवर आत वळली होती, तिला दिसलं नाही. तो लंगडत आला, कोपराला रुमाल बांधलेला. कुत्रं आडवं आलं, म्हणाला. नर्सने जखम धुतली, त्याने ती किती लांब आहे हे नर्सला सांगितलं आणि विषय संपवला.

परतताना कप्तानने आरसा नीट केला. मग आरशातून म्हणाला, "वहिनी, कुत्रं-बित्रं काही नव्हतं. तुम्हाला आत सोडून मी परत आलो, गाडी मीच उचलली. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तर मीटरभाऊंच्या मागच्या टायरपेक्षा दगड मऊ. एकटा माणूस, आणि एवढी हवा. टायर रस्ता धरतच नाही. मी बोललो तर मला म्हणाले, तू नाव चालव."

तिने मागे पाहिलं. तो येत होता, एका हाताने जरा जपून.

घरी पलंगावर पडल्यावर तिने फोन उघडला. मोटरसायकल खिडकीखालीच उभी असायची, आकडा घरात यायचा. मागची चाळीस. हे तिला नवं नव्हतं. रोज सकाळी औषध घेतल्यावर ती अ‍ॅप उघडून तो आकडा बघायची. दर रविवारी तो पायपंप घेऊन बाहेर बसतो आणि कमी झालेली हवा भरून काढतो, हेही तिला पलंगावरून ऐकू यायचं. आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते ऐकून बरं वाटायचं. जेवायच्या टेबलावर आपलं ताट अजून मांडतात, तसं. आता त्याचं कोपर सोललं होतं. उद्या डोकं आपटेल. आणि तेव्हा टॅक्सीत आपण नसू, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी तिने विषय काढला. तो म्हणाला, थंडीत दाब उतरतो, म्हणून थोडी जास्त ठेवली आहे. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पंखे लावून बसलेली माणसं होती. तो म्हणाला, शिवाय पुढे थंडी येणारच आहे. मग म्हणाला, तुझी पाठ बरी झाली की पुन्हा कुठे भरत बसू. दर रविवारी नेमाने भरत बसणारा माणूस हे म्हणत होता. तिने विषय सोडून दिला. ज्या माणसाने खोट्या मीटरांवर आयुष्य काढलं, त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्याची ती धडपड बघवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढीला बसला तेव्हा ती उठली. भिंतीला धरून समोरच्या खोलीत आली, मशीनच्या खणातून दाभण घेतलं, शिवणाचं स्टूल पायाने ढकलत ढकलत बाहेर आणलं. एवढ्याने घाम फुटला. स्टूल मागच्या चाकाशी ठेवून ती बसली, पाठ ताठ, जशी डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती तशी, आणि हात लांब करून व्हॉल्व्हवरचं टोपण फिरवायला लागली.

टोपण सुटल्याबरोबर यंत्राला वाटलं सगळी हवा गेली. हँडलवरचा पडदा किंचाळायला लागला, तिच्या खिशातला फोन किंचाळायला लागला, आणि आत न्हाणीघराच्या फळीवर त्याचा फोन. तिने दाभणाचं बोथट टोक व्हॉल्व्हच्या पिनवर दाबलं. हवा सुसाट निघाली, जुन्या रबराचा वास घेऊन.

तो बाहेर आला. एक गाल झालेला, एका गालावर साबण, हातात ब्रश.

"काय करतेस?"

"हवा काढतेय."

"सोड ते. ऊठ आधी. पाठीला लागेल."

"लागू दे." तिने पिन सोडली नाही. "अहो, मी आता मागे बसणार नाही."

"डॉक्टर बघू म्हणाल्या आहेत."

"माझ्याकडे बघून म्हणाल्या. तुमच्याकडे बघून म्हणाल्या असत्या, तर मीही धरून बसले असते."

अलार्म चालूच होता. समोरच्या घरातल्या बाई दारात आल्या, दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. मीटरने हात पुढे करून हँडलवरचा पडदा बंद केला, मग तिच्या खिशातून फोन काढून त्याचा आवाज बंद केला. आत त्याचा फोन एकटाच ओरडत राहिला.

"एकदा तीसवर आणली," तो म्हणाला आणि थांबला. "एकदा तीसवर आणली, की मग झालंच."

"झालंच आहे."

ब्रशवरचा फेस त्याच्या पायावर पडला.

"मरायची भीती वाटत नाही असं नाही," ती म्हणाली. "वाटते. पण पडल्या पडल्या मला दुसरंच दिसतं. तुम्ही त्या खडीत पडलाय आणि कुत्र्याचं नाव सांगताय. उचलायला कोण, तर कप्तान, त्याला स्वतःला उठताना दोन माणसं लागतात. मला तेवढं डोळ्यासमोर घेऊन जायचं नाही. माझ्यासाठी म्हणून हवा भरलीत ना? मग आता माझ्यासाठी म्हणून काढा."

तो गुडघे धरून खाली बसला, ब्रश फरशीवर ठेवला.

"दाभणाने पिन खराब होते," तो म्हणाला. तिच्या हातातून दाभण काढून घेतलं आणि नखाने पिन दाबली.

हवा जात राहिली. दोघं तिचा आवाज ऐकत होते. या माणसाने जन्मात न मोजता कसली हवा सोडली नव्हती. आज त्याच्याजवळ ना पितळी मीटर होतं, ना चष्मा. तो चाकाकडे बघतही नव्हता. आवाज बारीक व्हायला लागला, टायर रिमखाली पसरलं, तरी त्याचं नख तिथेच. शेवटी तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे. तीसवर आणायची. सगळी नाही."

त्याने पंप आणला. पंपावर आकड्यांची तबकडी होती, ती त्याला दिसत नव्हती. ती वाचत गेली, तो पायाने दाबत गेला. "अठरा. बावीस. जरा दम घ्या. पंचवीस. अठ्ठावीस. तीस." तो आणखी एक पाय मारणार होता; पाय वर उचललेलाही होता. ती म्हणाली, "बस." त्याने पाय खाली ठेवला, पंपावर नाही, जमिनीवर.

टोपण पुन्हा बसवलं, पडदा लावला, तर यंत्र परत ओरडलं. त्याच्या लेखी तीस म्हणजे संकट होतं; त्याला अजून दोन माणसं माहीत होती. ते अ‍ॅपमध्ये बदलायला हवं होतं. त्याने तिचा फोन तिच्यापुढे धरला. हे काम तिचंच होतं, पण तिचं बोट जरा वेळ पडद्यावर अधांतरी राहिलं. मग तिने एकट्या माणसाचं चित्र दाबलं. कंपनीने ते चित्र मोठ्या कौशल्याने काढलं होतं. मागचा माणूस पुसला गेला, पुढचा होता तसाच बसून राहिला, त्याला काही कळल्याचं दिसलं नाही. ओरड थांबली.

"एक फेरी मारून या," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मला बघायचंय."

तोंडावरचा साबण तसाच ठेवून त्याने हेल्मेट घातलं. गाडी सुरू केली, एकदा मागे पाहिलं, सीटकडे नाही, तिच्याकडे, आणि निघाला. गल्लीच्या मध्यावर गतिरोधक होता. ती श्वास धरून बसली. गाडी वर चढली, खाली उतरली, मागचं चाक रस्त्याला चिकटून गेलं. कोपऱ्यावर तो वळला, नीट कलून, पाय न काढता, तिच्या ओळखीच्या माणसासारखा. मग आवाजही वळला.

तिच्या फोनवर थोडा वेळ तीसचा आकडा राहिला. गाडी टापूच्या बाहेर गेल्यावर तो गेला आणि तिथे दोन आडव्या रेघा आल्या. रेघांकडे ती बघत बसली. एवढ्या वर्षांत तिने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. ती आकडा बघायची तेव्हा गाडी नेहमी तिच्याजवळच असायची.

एक फेरी म्हणजे गल्लीला वळसा. त्याला त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. तिने काळजी करून बघितली, पण ती आज लागू पडेना. तो पडला नसणार हे तिला माहीत होतं. शेवटी रेघा जाऊन आकडा आला, मग आवाज आला, मग तो.

त्याने गाडी तिच्यासमोर थांबवली, इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"कशी चालते?"

"बरी चालते," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "चांगली चालते."

हेच तिला हवं होतं. ते मिळाल्यावर तिने मान खाली घातली आणि मांडीवरच्या कापडाची घडी उगाच नीट केली. त्याने हेल्मेट काढलं. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता, आणि त्यातून डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक ओली वाट पडली होती.

"दाढी अर्धीच राहिलीय," ती म्हणाली. "पाणी गार झालं असेल. दुसरं तापवून घ्या."

तो हो म्हणाला, आणि दोघंही होते तिथेच बसून राहिले.